बाळंतपणातली जखम, न आवरणारी शी आणि पुण्यातले माझे वीस महिने

मार्च २०२३ मधली एक रात्र. मांडीवर सव्वा महिन्याचं बाळ, एका हातात फोन. मी टाइप केलं, 'डिलिव्हरीनंतर शी कंट्रोल होत नाही'. मूळव्याधीच्या दवाखान्यांच्या जाहिराती आल्या, पोट साफ करणारी चूर्णं आली, बाळाच्या शीचा रंग कसा असावा यावरचे लेख आले. माझ्याबद्दल काहीच नव्हतं. त्या रात्री मला जे वाचायला हवं होतं ते आज लिहिते आहे. शब्द उघडे आहेत, कारण आडून बोलण्यात माझे आठ महिने गेले.

६ फेब्रुवारीला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होते, वेळ लागणार हे माहीत होतं. ७ तारखेला सकाळी गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं आणि त्यानंतर दोन तासांहून जास्त मी जोर लावत होते. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, डोकं नीट फिरत नव्हतं. शेवटी खाली छेद घेतला, डोकं ओढून काढायला व्हॅक्यूम लावला आणि मुलगी झाली. वजन ३ किलो ७०० ग्रॅम. तिचं रडणं ऐकताना खाली टाके चालले होते आणि डॉक्टर सिस्टरशी बोलत होत्या, "थोडं एक्स्टेंड झालंय." म्हणजे छेद पुढे वाढला होता, पण तेव्हा मी विचारलं नाही. माझ्या अंगावर मुलगी होती, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: व्हॅक्यूम, एपिझिओटॉमी (म्हणजे तो छेद), विरघळणारे टाके, कोमट पाण्याच्या टबात बसणे. एवढंच.

माहेर वारज्याला आहे. आईने सगळं रीतसर केलं, शेकशेगडी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. मालिशला येणाऱ्या बाईंनी पोट बांधून दिलं. नवव्या दिवशी लक्षात आलं की गॅस मला थांबवताच येत नाही. कोणी खोलीत असलं तरी नाही. बाराव्या दिवशी बाळाला पाजत असताना पोटात कळ आली, बाळाला आईच्या हातात दिलं आणि बाथरूमच्या दाराशीच कपडे खराब झाले. आईने काही न बोलता कपडे भिजवले. मग म्हणाली, "बाळंतिणीचं अंग सैल असतं गं. सव्वा महिन्यात येतं भरून." तिला तिच्या आईने हेच सांगितलं असणार.

सव्वा महिन्याची तपासणी २१ मार्चला होती, पाडव्याच्या आदल्या दिवशी. वेटिंगमध्ये दीड तास बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी टाके बघितले, "छान भरलंय" म्हणाल्या. मी म्हटलं, "गॅसचा जरा त्रास होतो." त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली. चूक फक्त त्यांची नव्हती, मी अर्धंच बोलले होते. 'गॅस होतो' आणि 'गॅस आणि शी थांबवता येत नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुम्ही जाणार असाल तर घरी कागदावर पूर्ण वाक्य लिहून न्या: किती वेळा कपडे खराब होतात, पातळ की घट्ट, लागल्यावर किती मिनिटं धरता येतं. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे करा. ऑक्टोबरमध्ये मी तेच केलं.

मधले सहा महिने मी ते लपवण्यातच घालवले. मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणून दोन ट्यूब संपवल्या. पाळी सुरू झालेली नसतानाही रोज पॅड. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत सगळ्यांत खाली दाबायचे, कारण आता मी कोथरूडला सासरी होते आणि सासूबाईंनी "अजून अंगावरून जातंय का?" असं दोनदा काळजीने विचारलं होतं. बाहेर जायचं तर सकाळपासून उपाशी राहायचं. लक्ष्मी रोडला बाळासाठी झबली घ्यायला गेलो तेव्हा मी आधी कोणत्या दुकानात बाथरूम आहे ते बघत होते. गणपतीत, १९ सप्टेंबरला, घरच्या पहिल्या आरतीला मी दाराजवळ उभी राहिले. दुसरी आरती संपायच्या आत मला पळावं लागलं, आणि पोहोचले नाही. अमोल, माझा नवरा, मागोमाग आला. बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाला, "काय होतंय ते सांग तरी." सात महिन्यांनी पहिल्यांदा मी पूर्ण वाक्य बोलले. दाराच्या आतूनच.

त्याने त्याच रात्री शोधाशोध केली. आम्हाला वाटलं होतं की स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच परत जावं लागेल. पण या दुखण्यासाठी गुदमार्ग आणि मोठ्या आतड्याचे सर्जन असतात, कोलोरेक्टल सर्जन, आणि पुण्यात ते आहेत. युरोगायनॅकॉलॉजिस्ट, म्हणजे बायकांच्या मूत्रमार्गाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे डॉक्टर, तेही हे बघतात. बाई डॉक्टर हवी होती म्हणून दोन आठवडे थांबलो. अपॉइंटमेंट ३ ऑक्टोबरची मिळाली, फी १२०० रुपये.

मॅडमनी माझा कागद वाचला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "हे होतं. तुम्ही एकट्या नाही, आणि यावर उपाय आहे." मला रडू आलं. त्यांनी घाई केली नाही. मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा गोल. आतला स्नायू आपोआप काम करतो, झोपेतही बंद राहतो. बाहेरचा आपण मुद्दाम आवळतो, लागलेली थांबवायला तोच उपयोगी. मग घड्याळासारखे आकडे घातले आणि बाराच्या ठिकाणी, म्हणजे योनीच्या बाजूला, बाहेरची रेघ खोडरबराने पुसली. "इथे फाटलेलं असावं. तपासून बघू." तो कागद माझ्या फाइलमध्ये पहिला आहे.

जखमेच्या पायऱ्याही त्यांनीच समजावल्या. पहिली म्हणजे फक्त त्वचा. दुसरी म्हणजे योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागाचे स्नायू, छेद घेतला तरी तेच कापले जातात. तिसरीत गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटतो, आणि तिचे तीन भाग: बाहेरचा स्नायू निम्म्याहून कमी फाटला तर ३ए, निम्म्याहून जास्त तर ३बी, आतलाही फाटला तर ३सी. चौथीत आतड्याचं अस्तरही जातं. तिसरी आणि चौथी टेबलावरच ओळखून ऑपरेशन थिएटरमध्ये, नीट भूल देऊन, थर वेगळे ओळखून शिवायची असते. मग अँटिबायोटिक, शी मऊ ठेवायचं औषध, व्यायाम आणि काही आठवड्यांनी तपासणी. माझ्या बाबतीत यातलं काही झालं नव्हतं, कारण मला ती जखम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

दोन तपासण्या झाल्या. १३ ऑक्टोबरला गुदद्वारातून सोनोग्राफी, ५५०० रुपये. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी. बोटाएवढ्या जाडीचा प्रोब जेल लावून आत घालतात, दहा मिनिटं लागतात. दुखलं नाही, फक्त पूर्ण वेळ लागल्यासारखं वाटत राहिलं. मी स्क्रीन बघायला मागितली. आतला स्नायू काळ्या अंगठीसारखा अख्खा दिसत होता. बाहेरची पांढुरकी अंगठी पुढच्या बाजूला तुटलेली होती, अकरापासून एकपर्यंत. आठ महिने 'अंग सैल झालंय' म्हणून ऐकलेली गोष्ट अशी समोर होती, कडा असलेली, मोजता येणारी. मला भीती वाटली नाही. हलकं वाटलं.

१९ ऑक्टोबरला मॅनोमेट्री, ७००० रुपये. बारीक नळी आत घालून दाब मोजतात, सैल सोडल्यावर किती आणि आवळल्यावर किती. माझा आवळण्याचा दाब बराच कमी आला. दोन्ही तपासण्यांसाठी तारीख मिळवायला फोनवर फोन करावे लागले, कारण सोनोग्राफीचा हा प्रकार सगळ्या सेंटरमध्ये होत नाही. नुसतं 'सोनोग्राफी होते का' असं विचारू नका, 'एंडोएनल सोनोग्राफी' असं नाव घेऊनच विचारा. मी एका ठिकाणी नेहमीच्या सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन दोन तास बसून परत आले.

मॅडमना माझे प्रसूतीचे कागद हवे होते. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नव्हतं, पूर्ण केस पेपर. ९ ऑक्टोबरला मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिला. तिथल्या माणसाने विचारलं, "कोर्टात जायचंय का?" मग म्हणाला डॉक्टरांची परवानगी आणा, मग म्हणाला नवऱ्याची सही आणा. मला भांडायचं नव्हतं, पण परत जायचंही नव्हतं. घरी येऊन नियम शोधला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि भरती झालेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षं जपायचे असतात. दुसरा अर्ज केला, त्यात नियमाचा उल्लेख केला, दोन प्रती नेल्या आणि माझ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कागद २३ तारखेला मिळाले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ५८ पानं, झेरॉक्सचे पैसे आपले.

दसऱ्याला दुपारी बाळ झोपल्यावर मी ती पानं वाचली. दर अर्ध्या तासाची नाडी होती, सलाइनचा हिशेब होता, व्हॅक्यूम किती वाजता लावला ते होतं. टाक्यांची नोंद दोन ओळींची: छेद थरांमध्ये शिवला, रक्तस्राव आटोक्यात. टाके घालण्याआधी गुदद्वारात बोट घालून स्नायू तपासला का, याची नोंद नव्हती. झालं नसेल किंवा लिहिलं नसेल. पण त्या जागी ओळ नव्हती.

इथे मी थोडी थांबते, कारण त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी जे वाचलं त्याने माझा राग बदलला. १९९३ साली अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये बायकांची प्रसूतीआधी आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी अशीच आतून सोनोग्राफी केली. पहिलटकरणींपैकी ३५ टक्क्यांच्या स्नायूत बिघाड दिसला. सगळ्यांना त्रास नव्हता, पण बिघाड होता. तेव्हा समजूत झाली की या जखमा डोळ्यांना न दिसणाऱ्या, लपलेल्या असतात. मग २००६ मध्ये सुलतान ज्यात होते असा दुसरा अभ्यास छापून आला. २४१ पहिलटकरणी. प्रसूती करणाऱ्याने तपासल्यावर, टाके घालण्याआधी, खास शिकलेल्या डॉक्टरने पुन्हा तपासलं. स्नायू फाटल्याचा ११ टक्क्यांचा आकडा जवळजवळ २५ वर गेला. आणि सोनोग्राफीशिवाय सापडल्याच नसत्या अशा जखमा फक्त ३ निघाल्या. म्हणजे बहुतेक जखमा लपलेल्या नव्हत्या. शिकलेल्या बोटाला आणि डोळ्याला त्या सापडत होत्या.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मला वाटत होतं की माझ्या बाबतीत एखादं मोठं यंत्र कमी पडलं. कमी पडलं ते एक हातमोजा घातलेलं बोट आणि दोन मिनिटं. ब्रिटनमधल्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ही बोटाची तपासणी टाके घालण्याआधी करायला सांगितली आहे. त्यांच्याकडे पहिलटकरणींमध्ये तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम सुमारे ६ टक्क्यांना होते, आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिलं बाळंतपण, लांबलेली दुसरी अवस्था (तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ होईपर्यंतची), वर तोंड केलेलं बाळ, चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम, चार किलोंवरचं बाळ, आणि आशियाई वंशाची आई असणं हेही आहे. माझ्या नावासमोर यातल्या पाच गोष्टींवर खूण होते. त्या सकाळी लेबर रूममध्ये कुणी ही यादी मनात म्हटली असती तर बोट नक्की घातलं असतं. ते टाळता येण्यासारखं होतं का, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जखम कदाचित टळली नसती, ती नजरेतून सुटणं टळलं असतं. डोकं बाहेर येताना त्या जागी गरम पाण्याच्या घड्या धरल्या तर मोठ्या जखमा कमी होतात हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि प्रत्येकीला सरसकट छेद घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सांगितलं आहे. तेवढं गर्भवतीने आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

लगेच ऑपरेशन नाही, आधी फिजिओथेरपी, असं ठरलं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत १४ सेशन, प्रत्येकी ९०० रुपये, एरंडवण्यात. पहिल्या दिवशी कळलं की मी इतके महिने यूट्यूब बघून चुकीचे स्नायू आवळत होते, मांड्या आणि पार्श्वभाग. बायोफीडबॅकमध्ये आत छोटा सेन्सर असतो आणि स्क्रीनवर रेघ. बरोबर आवळलं की रेघ वर जाते. माझी रेघ जेमतेम उठायची आणि तीन सेकंदांत खाली यायची. फिजिओताई म्हणायच्या, "श्वास धरू नका. गॅस अडवताय असं समजा, आणि हळू सोडा." फेब्रुवारीत ती रेघ दहा सेकंद टिकली. घरी दिवसातून तीनदा, पोळ्या लाटताना नाही, आडवं पडून, लक्ष देऊन. शी घट्ट होण्यासाठी रात्री इसबगोल थोड्याच पाण्यातून, सकाळचा कडक चहा बंद, आणि बाहेर जायच्या दिवशी मॅडमनी लिहून दिलेली लोपेरामाइडची अर्धी गोळी. लागल्याबरोबर पळायचं नाही, उभं राहून पाच वेळा आवळायचं, लहर ओसरू द्यायची, मग चालत जायचं. हे शिकायला मला सहा आठवडे लागले, आणि सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला.

कपडे खराब होणं आठवड्यातून चार-पाच वेळांवरून एकावर आलं. तिथे अडकलं. तुटलेली अंगठी व्यायामाने जोडली जात नाही. मुलीचं पाजणंही सुटलं होतं, म्हणून ऑपरेशनचा निर्णय घेतला.

विम्याने पंधरा दिवस खाल्ले. कॅशलेसच्या अर्जावर प्रश्न आला, 'हे प्रसूतीशी संबंधित आहे का?' कारण आमच्या पॉलिसीत प्रसूतीला वेगळी मर्यादा होती आणि ती संपलेली होती. मॅडमनी पत्र दिलं की ही स्नायूच्या जुन्या इजेची दुरुस्ती आहे, सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बंद झालेल्या प्रसूतीच्या क्लेमचा क्रमांक जोडला. पुन्हा एक प्रश्न, पुन्हा तेच पत्र. मंजुरी आली. बिल १ लाख ३८ हजार, त्यातले २१ हजार आम्ही भरले.

१८ एप्रिल २०२४ ला ऑपरेशन झालं, कमरेत इंजेक्शन देऊन. स्नायूची दोन्ही टोकं व्रणातून सोडवून एकावर एक आणून शिवली. चार दिवस तिथे होते. पहिल्या शीची मला बाळंतपणापेक्षा जास्त भीती वाटली. पातळ होण्याचं औषध चालू होतं, तरी मी भिंत धरून बसले होते. काही फाटलं नाही.

आठव्या दिवशी मात्र वरची त्वचा पुढच्या बाजूला उघडली, नखाएवढी. मला वाटलं सगळं वाया गेलं. मॅडम म्हणाल्या हे पुष्कळदा होतं, आतली शिवण शाबूत आहे. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायचं, टिपून कोरडं करायचं, रोज आरशात बघायचं. भरायला पाच आठवडे लागले. त्या काळात सासूबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. त्या टब भरून ठेवायच्या, पाण्यात कोपर बुडवून बघायच्या, जसं नातीच्या अंघोळीला बघतात तसं. एकदा पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "अमोलच्या वेळेपासून मलाही गॅस थांबत नाही. छत्तीस वर्षं झाली. हे सांगायचं असतं हे माहीतच नव्हतं." जूनमध्ये मी त्यांना त्याच फिजिओताईंकडे घेऊन गेले.

ऑक्टोबर २०२४ च्या तपासणीत अंगठी जोडलेली दिसली. घट्ट शी आता थांबते. पातळ झाली तर घाई होते, पण पोहोचते. गॅस अजून कधीकधी निसटतो. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की या दुरुस्तीचा फायदा वर्षं जातील तसा ओसरू शकतो, म्हणून व्यायाम सोडायचे नाहीत. पुढचं मूल झालंच तर सिझेरियनबद्दल आधी बोलायचं, असं फाइलवर लिहून दिलं आहे. मी परत बसने ऑफिसला जाते. चढताना बाथरूम कुठे आहे ते बघत नाही, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात येतं.

नणंदेचं बाळंतपण डिसेंबरमध्ये झालं, पुण्यातच. तिच्या डॉक्टरांशी ती आठव्या महिन्यात बोलली होती: टाके घालण्याआधी बोटाने तपासाल ना, आणि पायरी कार्डावर लिहाल ना? त्यांनी हो म्हटलं, राग मानला नाही. तिसऱ्या दिवशी तिने डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. 'दुसऱ्या श्रेणीची जखम. पी.आर. केले. स्फिंक्टर शाबूत.' पी.आर. म्हणजे ती बोटाची तपासणी, स्फिंक्टर म्हणजे गुदद्वाराभोवतीचा स्नायू. मी तो फोटो सासूबाईंना मोठा करून दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.